वजू टिकावा म्हणून

लासूर स्टेशनच्या बाजारात दुकान चालविणारे एक चाचा माझे जुने रुग्ण आहेत. वय सत्तरीकडे झुकलेले, नमाज कधी चुकत नाही. लघवीची जळजळ घेऊन ते तिसऱ्यांदा आले, तेव्हा मी विचारले, "पाणी किती पिता?" ते गप्प राहिले. उत्तर मुलाने दिले. जुहरचा वजू असरपर्यंत टिकावा, गिऱ्हाईक सोडून पुन्हा उठावे लागू नये, म्हणून चाचा दुपारभर पाणी पीत नाहीत आणि लघवीही रोखून धरतात!

वाचकहो, अशाने मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग बळावतो. प्रोस्टेट वाढलेली असल्यास लघवी अचानक अडूही शकते. वास्तविक लघवीचा वेग दाबून नमाज पढणे धर्मशास्त्रालाही पसंत नाही. थेंब सतत गळत असतील, तर त्यासाठी सवलत आहे. मौलानांना निःसंकोच विचारावे. जुहरची मुदत असरपर्यंत असते. गर्दी ओसरताच आधी लघवी, मग वजू, मग नमाज, हा क्रम दुकानातही जमतो. पाणी थोडे थोडे, पण दिवसभर प्यावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लघवी वाढविणाऱ्या गोळीची वेळही त्यांनाच विचारावी.

घरच्यांनी वजूची जागा कोरडी ठेवावी. सजद्यातून उठताना चक्कर येत असल्यास रक्तदाब तपासून घ्यावा आणि बसून नमाज पढण्याची सोय करावी.

चाचांच्या गल्ल्याशेजारी आता पाण्याची बाटली दिसते. खुर्चीला मात्र ते अजून राजी नाहीत.