मदत म्हणायची की उधारी?

मित्रहो, आधीच सांगून टाकते, माझी शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादक मंडळाला धरा, मला नको!

होस्टेलवर सबमिशनच्या आदल्या रात्री अर्धा तास लाइट गेली की आपण वॉर्डनचं दार वाजवतो. दक्षिण आफ्रिकेत २०२३ साली वर्षातले बहुतेक दिवस लोडशेडिंग होतं. शब्दही अगदी हाच. 'स्टेज सिक्स' म्हणजे सहा हजार मेगावॅटपर्यंत कपात. आणि त्या देशाची ८० टक्क्यांहून जास्त वीज कोळशावरची.

अशा देशाला २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि युरोपीय संघाने ८.५ अब्ज डॉलर देऊ केले. कोळसा सोडा, आम्ही पाठीशी आहोत. पेपरात वाचताना मलाही भारी वाटलं होतं. पुढे सेमिनारसाठी खोलात शिरले तेव्हा कळलं, यातलं अनुदान अगदी थोडं, बाकी बहुतेक कर्ज आणि हमी. २०२२ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीने प्रत्येकी ३० कोटी युरो दिले, तेही कर्जच. व्याज कमी, मान्य. पण फेडायचं युरोत आणि तिथला ग्राहक बिल भरणार रँडमध्ये. रँड घसरला की कर्ज आपोआप फुगणार! आपल्या दाभोळ प्रकल्पात दर डॉलरशी बांधल्यावर काय झालं ते ज्येष्ठ सरांना विचारा. १९९९ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची वीज घेणं आपल्या वीज मंडळाने २००१ मध्ये थांबवलं.

मला खरं बोलायचंय ते कोमातीबद्दल. म्पुमलांगा या कोळशाच्या प्रांतातलं हे १९६१ पासूनचं वीज केंद्र. शेवटचा संच ३१ ऑक्टोबर २०२२ ला बंद झाला. जागतिक बँकेने ४९.७ कोटी डॉलर मंजूर केले. त्यातून तिथेच १५० मेगावॅट सौर, ७० मेगावॅट पवन, १५० मेगावॅट बॅटरी आणि कामगारांना नवं शिक्षण द्यायचं होतं. केंद्र म्हातारं झालंच होतं, ते बंद केलं यात चूक नाही. पण चिमणी थंड झाली तेव्हा नवं काम उभंच नव्हतं. कायम नोकरीवाल्यांना दुसरीकडे सामावून घेतलं. कंत्राटी कामगार आणि गावातले छोटे दुकानदार मात्र लटकले.

हे मी इतक्या तावातावाने का लिहितेय? माझे बाबा विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात कंत्राटी फिटर आहेत. मी सुट्टीत त्यांना कोमातीची गोष्ट सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "संच बंद झाला की कायमवाल्यांची बदली होते बेटा, आमची सुट्टी होते."

म्हणजे मी कोळशाच्या बाजूची का? अजिबात नाही. घरी सकाळी दोरीवरचे कपडे झटकून राख काढावी लागते, ते मला कोणी शिकवायला नको. माझं म्हणणं एवढंच की क्रम उलटा हवा. आधी त्याच गावात काम, मग कुलूप. आणि कामगारांच्या वाट्याचा पैसा तरी कर्ज नको, अनुदान हवं.

दुसरी गंमत बघा. २०२४ पासून तिथलं लोडशेडिंग बरंच आटोक्यात आलं. कशामुळे? जुने संच नीट दुरुस्त केले आणि लोकांनी, कारखान्यांनी स्वतःच्या पैशाने छतावर पॅनल लावले. खासगी वीजनिर्मितीची परवान्याची अट आधी १०० मेगावॅटपर्यंत शिथिल केली, २०२३ मध्ये काढूनच टाकली. यात ग्लासगोच्या डॉलरांपेक्षा घरच्या सुधारणेचा वाटा मोठा, असं माझं मत. आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिका त्या करारातून बाहेरच पडली. तोवर कोमाती बंद होऊन दोन वर्षं उलटून गेली होती.

सेमिनारमध्ये हे सगळं सांगितल्यावर सर म्हणाले, "टॉपिक टेक्निकल ठेवा." मी पुढच्या स्लाइडवर बॅटरीचा सर्किट डायग्राम लावला. बाबांनी मात्र फोनवर विचारलं, "त्या बॅटरीच्या कामाला फिटर लागतो का गं?"