कोरड्या डोळ्यांना नुसते थेंब पुरत नाहीत

डोळ्यांच्या कोरडेपणाबद्दल जबलपूरच्या गोरखपुरात दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले असे : हा काही आजार नव्हे. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर गेला, लू सुटली की डोळे चुरचुरणारच; औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणावी, नाहीतर गुलाबजल घालावे, की झाले. दुसरे असे : या तक्रारीवरचे नवे उपचार म्हणजे मोठ्या इस्पितळांनी पैसे काढण्यासाठी काढलेली टूम. दोन्ही मते मांडणारी माणसे घरच्यांचे भलेच चिंततात. तरीही दोन्ही मते चुकीची आहेत आणि त्यांचे परिणाम रुग्णाच्या डोळ्यांना भोगावे लागतात.

पहिल्या मताचा मोठा आधार एका प्रश्नात आहे : डोळ्यांतून तर धार लागते, मग कोरडेपणा कसला? बुबुळावर अश्रूंचा अतिशय पातळ थर असतो. त्यात चिकट श्लेष्म, पाणी आणि सगळ्यांत वर तेल असते. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येते. ते कमी पडले की पाणी भराभर उडून जाते, बुबुळ उघडे पडते, त्याच्या नसा चेतवल्या जातात आणि अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. ते गालावर ओघळते. फाटलेला थर मात्र सांधला जात नाही. म्हणजे डोळ्यांतून पाणी येणे हे कोरडेपणाचेच लक्षण असू शकते. पाणी उडाल्यावर उरलेले अश्रू अधिक खारे होतात, त्याने दाह होतो आणि दाहामुळे ग्रंथी आणखी बिघडतात. थेंबांनी घटकाभर ओल मिळते, पण हे चक्र थांबत नाही. शिवाय दोष एकट्या उन्हाचाही नाही. हायकोर्टात दिवसभर पडद्यावर नजर लावून बसणाऱ्या स्टेनोची पापणी कमी वेळा लवते. ॲलर्जीच्या गोळ्या, रजोनिवृत्ती, मधुमेह, कॉन्टॅक्ट लेन्स, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांनीही डोळे कोरडे पडतात.

दुकानातून मनाने आणलेली बाटली निरुपद्रवी असते, हाही गैरसमज आहे. पुष्कळ थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे टिकवणारे रसायन असते. ते दिवसातून पाच-सहा वेळा, महिनोन्‌महिने डोळ्यांत गेले तर पृष्ठभागच खराब करते. गुलाबजल निर्जंतुक नसते. सगळ्यांत धोक्याचे म्हणजे डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडचे थेंब. दोन दिवसांत लाली जाते, बरे वाटते, म्हणून माणूस चिठ्ठीवाचून पुन्हा तीच बाटली आणतो. दीर्घकाळ घातलेल्या स्टेरॉइडने डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.

आता दुसरे मत. नवे उपचार ही टूम असती, तर त्यांच्यामागे आजाराची समज नसती. ती आहे. मूत्रपिंड रोपणानंतर शरीराने नवा अवयव झिडकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिन थेंबांच्या रूपात आले आणि 2002 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. ते थेट दाहावर काम करते. 2016 मध्ये लिफिटेग्रास्ट आले. दाह पेटवणाऱ्या पेशींना ते पृष्ठभागाशी जुळू देत नाही. 2021 मध्ये नाकात मारायचा व्हारेनिक्लिनचा फवारा आला. तो नाकातल्या नसांमार्फत अश्रुग्रंथीला जागे करतो. 2023 मध्ये मान्यता मिळालेले परफ्लुरोहेक्झिलऑक्टेन तेलाच्या थराचे काम करून पाणी उडू देत नाही. शोग्रेन आजारात शरीर स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. तो बहुतांशी बायकांना होतो. पोळीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, असे सांगणाऱ्या अशा बाईला तिच्याच रक्ताच्या द्रवापासून केलेले थेंब आधार देतात. तिला ‘हे सगळे थोतांड आहे’ असे सांगणे निर्दयपणाचे आहे.

आक्षेपात तथ्य आहे ते एवढेच, की नवा उपचार चुकीच्या माणसाला दिला तर पैसा वाया जातो आणि कधी इजाही होते. प्रखर प्रकाशझोतांचा आयपीएल उपचार बिघडलेल्या तेलग्रंथींसाठी आहे. ज्याच्या डोळ्यांत पाणीच कमी तयार होते त्याचा मूळ दोष त्याने जात नाही. गडद त्वचेवर या झोताने भाजण्याचा, डाग पडण्याचा धोका असतो, म्हणून आपल्याकडे रंग पाहूनच मात्रा ठरवली पाहिजे. ओमेगा-3च्या कॅप्सूलचेही तसेच. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्रीम नावाच्या अमेरिकन चाचणीत 500हून अधिक रुग्णांना वर्षभर माशाचे तेल किंवा ऑलिव्ह तेल दिले गेले. दोन्ही गटांत तक्रारी कमी झाल्या, पण माशाचे तेल सरस ठरले नाही. म्हणून प्रत्येक नवी गोष्ट घ्यावी असे माझे म्हणणे नाही. पारखून घ्यावी असे आहे.

ही पारख महागड्या यंत्रावाचूनही सुरू होते. शर्मर चाचणीत गाळणकागदाची छोटी पट्टी टोकाशी दुमडून खालच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूला अडकवतात आणि 5 मिनिटांनी ती किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. ती 5 मिलिमीटरही भिजली नाही, तर पाणीच कमी. मग डोळ्याला फ्लुरेसिनचा रंग लावून निळ्या उजेडात पाहतात : हिरव्या चमकत्या थरात 10 सेकंदांच्या आत काळे ठिपके उमटले, तर थर टिकत नाही. शेवटी पापणीची कड हलके दाबतात. निरोगी ग्रंथीतून स्वच्छ तेल येते, बिघडलेलीतून टूथपेस्टसारखा घट्ट पांढरा ऐवज. एवढ्यावरून कोणाला काय द्यायचे याची दिशा कळते. तेलाचा दोष असेल तर आधी ऊबदार शेक आणि पापण्यांची रोजची स्वच्छता, जोडीला टिकवण्याचे रसायन नसलेले थेंब. दाह असेल तर सायक्लोस्पोरिन, आणि ते सुरुवातीला झोंबले तरी काही महिने धीराने. शेक-स्वच्छतेने भागले नाही तरच आयपीएलचे यंत्र. पाणीच नसेल तर अश्रूंच्या निचऱ्याच्या छिद्राला बूच किंवा रक्तद्रवाचे थेंब.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जबलपूरच्या मेडिकल कॉलेजपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत या चाचण्या सर्रास व्हाव्यात, आणि औषध दुकानदारांनी चिठ्ठीवाचून स्टेरॉइडचे थेंब देऊ नयेत. वाचकांना विनंती एवढीच : डोळे महिनाभर चुरचुरत असतील तर नवी बाटली विकत घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, माझा कोरडेपणा पाण्याचा की तेलाचा? आणि तपासल्याशिवाय कोणी पॅकेज पुढे केले, तर ते नाकारा.