यादी चावडीवर वाचा

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत माहितीचा अर्ज करणं कायद्यानं सोपं आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि तीस दिवस वाट पाहायची. अडचण पुढे आहे. उत्तर यायच्या आधी अर्ज कोणी टाकला हे गावभर होतं आणि घरकुलाची यादी मागणाऱ्याला उद्या दाखल्यासाठी त्याच ग्रामसेवकापुढे उभं राहायचं असतं. तळेगाव दाभाड्यात माहिती अधिकार वापरून जमिनींचे गैरव्यवहार उघडकीला आणणाऱ्या सतीश शेट्टी यांचा 13 जानेवारी 2010 रोजी खून झाला. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यानं विचारण्याचा हक्क प्रत्येकाला दिला खरा, पण जोखीम ज्याची त्याच्यावर सोडली. म्हणून एकांड्या अर्जदारापेक्षा गावकऱ्यांच्या आघाडीनं केलेली संघटित विचारणा महत्त्वाची वाटते.

हा कायदा आला तोही अशाच विचारणेतून. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं 1994 पासून जनसुनावण्या भरवल्या. मजुरांच्या हजेरीचं मस्टर भर गर्दीत मोठ्यानं वाचायचं. नाव पुकारलं की तो माणूस उठून म्हणायचा, या कामावर मी गेलोच नव्हतो. काही नावं तर मेलेल्यांची निघाली. 1996 मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं आणि त्याच वर्षी मजुरांसोबत पत्रकार, वकील, निवृत्त अधिकारी मिळून माहिती अधिकाराची राष्ट्रीय मोहीम उभी राहिली. आपल्याकडे 2007 पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तिच्या पहिल्या जिल्ह्यांत शेजारचा अमरावती होता. तिथेही जनसुनावणीत दवाखान्याचे प्रश्न अधिकाऱ्यांसमोर, चारचौघांत मांडले जात.

यावर ठरलेला आक्षेप असतो: माहिती अधिकारवाले म्हणजे खंडणीवाले. असे लोक आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांचा धंदा चालतो तो माहिती एकाच्याच खिशात राहते म्हणून. सगळ्यांनी ऐकलेली यादी कोणाला विकणार? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. निवडून आलेला सरपंच आहे, ग्रामसभा आहे, मग आणखी आघाडी कशाला? ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा शंभर, यांतली जी कमी ती. मोठ्या गावात म्हणजे शंभरच. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग ठराव कोणाच्या संमतीनं झाला, हे विचारूच नये. आघाडीचं काम सरपंचाची जागा घेण्याचं नाही, ती शंभर माणसं आणण्याचं आहे.

योजनांचे लाभार्थी आणि रकमा न मागता जाहीर करा, असं माहिती अधिकाराचं कलम 4 सांगतं. उलट 2023 च्या विदा संरक्षण कायद्यानं वैयक्तिक माहितीची सूट सरसकट केल्यानं, नावं द्यायची नाहीत म्हणायला कार्यालयांना नवा आधार मिळाला आहे. फुलसावंगीत सुरुवात घरकुलाच्या यादीपासून करता येईल. पुढच्या ग्रामसभेत नाव आणि रक्कम भोंग्यावर वाचायला लावायची, आणि ज्याला पैसे पोचले नाहीत त्याचं म्हणणं त्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यायचं.