फेअर वहीच्या आधी

निबंध पुन्हा लिहा म्हटलं की आमच्याकडची मुलं एकच विचारतात, “सर, फेअर करून आणू?” मग तोच निबंध, तीच वाक्यं, फक्त अक्षर वळणदार आणि समास आखलेला. मुलांना दोष कसा द्यायचा? वर्षानुवर्षं आपण तपासत आलो ते ऱ्हस्व-दीर्घच. लाल शाई वहीत उरते, मुलगा गुण बघून पान उलटतो.

विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० ला वर्ध्यात ‘गीताई’ लिहायला घेतली, ६ फेब्रुवारी १९३१ ला पुरी केली. छापली गेली १९३२ मध्ये. छापण्याआधी त्यांनी ती आश्रमातल्या एका लहान मुलीला शिकवून पाहिली आणि ती अडली तिथले शब्द बदलले, अशी आठवण सांगतात. तपासनीस म्हणून निवडलं कोणाला, तर एका पोरीला! आज गोपुरीच्या गीताई मंदिरात ते श्लोक शिळांवर कोरलेले दिसतात; त्यांच्यामागची खाडाखोड कुणाच्या मनातही येत नाही.

हे शाळेतही जमण्यासारखं आहे. सातवीतल्या मुलानं आपला निबंध चौथीतल्या पोराला मोठ्यानं वाचून दाखवायचा. पोर काही विचारेल तिथं पेन्सिलीनं खूण करायची, उत्तर मात्र द्यायचं नाही. तोंडी सांगून टाकलं की कागदावर यायचं राहूनच जातं. ‘कापूस म्हणजे पांढरं सोनं’ या गाइडातल्या वाक्याला हिंगणघाटकडचं पोर हमखास अडवणार, “तू कधी वेचला का?” मग दुसऱ्या खेपेला वहीत कमरेची ओटी येते, वाळल्या बोंडांनी ओरबाडलेली बोटं येतात, संध्याकाळचा वजनकाटा येतो. शुद्धलेखन? ते शेवटी. जे वाक्य उद्या खोडायचं, त्याची वेलांटी आज कशाला दुरुस्त करायची?

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत हातकामातून शिक्षणाचा विचार मांडला गेला, तो इथं उपयोगी पडतो. टकळीवरचं सूत तुटलं हे पोराला गुरुजींनी सांगावं लागत नाही. वाक्य तुटलेलं लिहिणाऱ्याला दिसत नाही, म्हणून ऐकणारा हवा.

चाळीस वह्या आणि पोर्शन, वेळ कुठला, असं शिक्षक म्हणतील. खरंच आहे. वर्षाला दहा निबंध असतील तर पाचच घ्या, पण दोनदा लिहून घ्या. दोन्ही खर्डे वहीत राहू द्या आणि गुण त्यांच्यातल्या फरकाला द्या. पालकसभेत खाडाखोडीवरून कुरकुर झालीच, तर दोन्ही खर्डे वाचून दाखवायचं काम मुलावर सोपवा.