बंदी तिकडची, सवय इकडची

भाचा आणि त्याची बायको गेल्या वर्षी स्वित्झर्लंडला फिरून आले. पाच दिवस भाड्याची गाडी घेतली होती. परत आल्यावर काही महिन्यांनी जर्मन भाषेतलं एक पत्र घरी आलं. एका गावातल्या ताशी ५० किलोमीटरच्या हद्दीत त्याची गाडी ऐंशीच्या पुढे होती. दंड होताच, शिवाय त्या देशात तीन महिने गाडी चालवायला बंदी.

पत्र घेऊन तो औरंगाबादला आला आणि पहिला प्रश्न विचारला, "मामू, ये बंदी अपने यहाँ तो लागू नै होती ना?" आपाचं म्हणणं वेगळंच. "नाव बघून केलं असेल. मुसलमानाचा पासपोर्ट दिसला की झालं."

या दोन वाक्यांनी मला बरेच दिवस अस्वस्थ केलं.

आधी भाच्याचा प्रश्न. परदेशी पोलीस आपला भारतीय परवाना रद्द करू शकत नाहीत. तो अधिकार इथल्या यंत्रणेचा. मात्र आपल्या हद्दीत तो परवाना वापरण्याचा हक्क ते काढून घेऊ शकतात. रस्ते वाहतुकीबद्दलच्या १९४९च्या जिनिव्हा आणि १९६८च्या व्हिएन्ना करारात ही तरतूद आहे आणि भारत दोन्ही करारांत सामील आहे. बंदीची मुदत संपेपर्यंत किंवा आपण देश सोडेपर्यंत ते परवाना ठेवून घेऊ शकतात. आंतरराष्ट्रीय परवान्यावर तशी नोंद करू शकतात. परवाना देणाऱ्या कार्यालयाला, म्हणजे आपल्या आरटीओला, कळवूही शकतात.

म्हणून असं पत्र आलं तर ते कपाटात टाकू नये. भाषांतर करून घ्यावं. बंदी कोणत्या तारखेपासून, अपील करायचं तर किती दिवसांत, दंड कुठे भरायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. दंड भरला म्हणजे बंदी उठली असं होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदीच्या काळात तिथे गाडीला हात लावू नये. तो नवा आणि जास्त गंभीर गुन्हा ठरतो. गाडी बायको चालवत होती असं खोटं लिहून देण्याचा सल्ला देणारे शहाणे प्रत्येक खानदानात असतात. त्यांच्यापासून लांब राहावं. आणि पुढे कुठल्या अर्जात याबद्दल विचारलं, तर खरं सांगावं.

आता आपाचं म्हणणं. तिला हा संशय का येतो, हे मला कळतं. भाड्याने घर शोधताना, नोकरीच्या मुलाखतीत, विमानतळावरच्या तपासणीत नाव वाचल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. ती तक्रार खरी आहे. पण रस्त्यावरचा कॅमेरा नाव वाचत नाही, वेग मोजतो. तिथल्या कायद्यानुसार गावाच्या हद्दीत मर्यादेपेक्षा २५ किलोमीटर जास्त वेग हा गंभीर गुन्हा, आणि त्याला किमान तीन महिने. तिथल्या माणसाचा परवाना जातो, पाहुण्याचा तिथे चालवायचा हक्क जातो. अशा गंभीर गुन्ह्यात दंडाची रक्कमही उत्पन्न पाहून ठरते, त्यामुळे श्रीमंताला तो सहज झटकून टाकता येत नाही. कायदा सगळ्यांना सारखा असावा, अशी मागणी आपण रोज करतो. तो सारखा लागू झाला आणि आपल्यावर आला, तर लगेच नावाची ढाल पुढे करायची? खऱ्या अन्यायाची तक्रार अशी स्वतःची चूक झाकायला वापरली, की उद्या खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

खरा मुद्दा मात्र स्वित्झर्लंडचा नाहीच. भाच्याची सासुरवाडी नागपूरची. सावंगीला समृद्धी महामार्गावर चढलो आणि तीन तासांत नागपूर गाठलं, असं तो घरच्या दावतीत अभिमानाने सांगतो आणि आम्ही सगळे कौतुकाने ऐकतो. त्या रस्त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ती पाळली तर हा हिशेब जमत नाही, हे आजवर एकानेही बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

आपल्याकडे वेगाचं चलान म्हणजे टोलसारखं झालंय. कायद्यात हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये दंड आहे. मोबाइलवर मेसेज येतो, आपण तो साचू देतो, लोकअदालतीत काही सूट मिळते का याची वाट पाहतो. पण तीन महिन्यांची शिक्षा इकडेही आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं, की वेगमर्यादा मोडणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा. म्हणजे स्वित्झर्लंडइतकीच मुदत. फरक एवढाच, की तिथे पत्र घरी येतं.

याच समृद्धीवर, आपल्याच जिल्ह्यात वैजापूरजवळ, १५ ऑक्टोबर २०२३च्या मध्यरात्री सैलानीबाबांच्या दर्ग्याहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची गाडी ट्रकवर मागून आदळली आणि १२ जणांचा जीव गेला. त्या अपघातात क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी आणि महामार्गावर थांबवलेला ट्रक हेही मुद्दे पुढे आले. दोष एकट्या वेगावर टाकता येणार नाही. पण दुसऱ्याची चूक समोर उभी असताना सावरायला जे दोन-चार क्षण लागतात, ते आपला वेगच खाऊन टाकतो. आपण नियम मोडतो तेव्हा समोरचा चुकणार नाही, असं गृहीत धरलेलं असतं.

दीनची भाषा आपण नमाज-रोजापुरती ठेवतो, रस्त्यावर आणत नाही. करार पाळा, ही आज्ञा सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. व्हिसा घेऊन दुसऱ्याच्या देशात जाणं हाही करारच. लुकमानने मुलाला केलेल्या उपदेशात चाल मध्यम ठेवायला सांगितलंय. आणि बुखारीतल्या एका हदीसनुसार, अरफातहून परतताना मागे उंटांना मारून पळवण्याचा गोंगाट ऐकू आला, तेव्हा पैगंबरांनी (स.) लोकांना शांतपणे चालायला सांगितलं, घाई करण्यात काही पुण्य नाही, हे समजावलं. हजसारख्या प्रवासात, पुढे पोहोचण्याची ओढ असलेल्या गर्दीला हे सांगितलं गेलं. आपल्याला तर फक्त नागपूरला जायचं असतं.

भाच्याला मी सांगितलं, "ही बंदी इथे लागू होत नाही. तू लागू करून घे. तीन महिने चावी बायकोकडे दे." आपाला हे मुळीच पटलं नाही. जावयाला गाडीत बाजूला बसलेलं पाहून सासरचे काय म्हणतील, ही तिची चिंता. तो स्वतः काहीच बोलला नाही, पत्राची घडी घालून खिशात ठेवली.

ईदला दोघं पुण्याहून आले. गल्लीत गाडी हळूहळू वळली. भाचेसून चालवत होती.