रसदीचा पहारा आणि गाविलगडची वाट

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धावर संगणकी युद्धखेळ रचायचा म्हटले की हात आपोआप दोन तारखांकडे जातो : असई, 23 सप्टेंबर 1803 आणि अडगाव, 29 नोव्हेंबर 1803. कवायती पलटणी, तोफा, घोडदळ. पडद्यावर सगळे देखणे दिसते. अडगाव तर आपल्या तेल्हारा तालुक्यातले, म्हणजे अकोलेकराचा मोह दुप्पट. आमचे म्हणणे असे की या दोन लढाया बाजूला ठेवा आणि मधले सव्वादोन महिने खेळायला घ्या. पुढे किती जायचे आणि रसदीपाशी किती माणूस सोडायचे, या आपल्या कायमच्या भांडणाबद्दल ते महिने बरेच काही सांगतात.

इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने ऑगस्टमध्ये आधी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि तिथे कोठार केले. असईनंतर मात्र तो सुसाट सुटला नाही. त्याच्या जोडीची स्टीव्हनसनची इंग्रज फौज बऱ्हाणपूर घेऊन अशीरगडाकडे गेली, गडही 21 ऑक्टोबरला पडला. तोवर वेलस्ली अजिंठ्याच्या घाटापाशी घुटमळत राहिला. शिंदे उत्तरेकडे हलले की त्याची नजर उत्तरेला, भोसल्यांचे घोडदळ दक्षिणेकडे वळले की हा माघारी. खेळात अशी चाल कुणी केली तर समोरचा हसेल. पण रघूजी भोसले खरोखरच गोदावरीकडे उतरले आणि त्यांनी नेमका रसदीवर हात टाकला. 31 ऑक्टोबरला अंबडजवळ सुमारे 14 हजार बैलांच्या तांड्यावर त्यांचे पाच हजारांच्या आसपास स्वार तुटून पडले. तांड्याबरोबर मद्रासी पायदळाच्या मोजक्या कंपन्या, दोन छोट्या तोफा आणि म्हैसूरचे काही स्वार होते. त्यांनी हल्ला परतवला.

इथे आपल्या खेळाडूंनी थांबावे. रसदीच्या पहाऱ्याला आपण काय ठेवतो? जे युनिट आघाडीवर नकोसे झाले ते. बहुधा अर्धे कापलेले घोडदळ. अंबडला उलटे होते. पहारा लहान, पण जागा धरून बसणारा आणि तोफ असलेला. तोफेविना आलेल्या स्वारांना असा पहारा फोडता येत नाही, आणि तो फोडायला तळ ठोकून बसावे तर मागून मुख्य फौज येते. म्हणून शत्रूचे हलके युनिट एका हेक्सवरून नुसते गेले की अख्खी सप्लाय लाइन मेली, हा कित्येक खेळांतला नियम आम्हाला पटत नाही. धाड घालणे आणि रस्ता अडवून बसणे या दोन वेगळ्या कृती आहेत. त्यांची किंमतही वेगळी हवी.

तरीही तो एक पहारा टिकला म्हणून वेलस्ली निभावला, असे मानणे भाबडेपणाचे होईल. पाच हजार स्वार दुसऱ्यांदा आले असते, तिसऱ्यांदाही आले असते. ते आले नाहीत, कारण भोसल्यांना वऱ्हाडात परतावे लागले : पाठीवर वेलस्ली, आणि घरी मेळघाटातल्या गाविलगडची काळजी, कारण स्टीव्हनसनचा रोख आता तिकडे होता. गोदावरीवरची रसद शेवटी मेळघाटाच्या दिशेने टाकलेल्या पावलांनी राखली. आगेकूच आणि पहारा ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली, अशी आपली समजूत असते. योग्य दिशेची आगेकूच हाच पहारा असतो, एवढे आम्हाला या अंकात सांगायचे आहे. चुकीच्या दिशेची मात्र खरोखरच पहाऱ्यातून कापून द्यावी लागते.

हे काही इंग्रजांचे शहाणपण नव्हे. 1727-28 मध्ये निजाम पुण्याच्या रोखाने गेला तेव्हा पहिल्या बाजीरावाने पुणे राखत बसणे नाकारले. जालना, सिंदखेड, मग आपल्या बाजूचे मंगरूळ, वाशीम, तिथून खानदेश, गुजरात असा फिरत त्याने औरंगाबादच्या दिशेने धाक घातला आणि निजामाला पुणे सोडायला लावले. पालखेडला निजामाचा दाणापाणी तुटला तो त्यानंतर. पानिपतच्या मोहिमेत भाऊसाहेबांनी ऑक्टोबर 1760 मध्ये कुंजपुऱ्याचे कोठार घेतले ते उत्तमच केले. पण अब्दाली यमुना उतरून त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये बसल्यावर त्याला तिथून उठवील असा धाक कुठेच उरला नाही. अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात पडले, आणि पुढचे आपण जाणतोच.

खेळ बनवणाऱ्यांकडे आमची तक्रार याच जागी आहे. 'युनिटी ऑफ कमांड'ने 2011 मध्ये शत्रूची रसद कापणे हेच मुख्य हत्यार केले. 'हार्ट्स ऑफ आयर्न 4' मध्ये 2021 च्या 'नो स्टेप बॅक'पासून रेल्वे आणि रसदकेंद्रे आली. नकाशा चांगला झाला. पण संगणकाकडून खेळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला घरची काळजी फारशी नसते. तुम्ही त्याच्या गाविलगडाकडे निघालात तरी त्याचे धाडखोर युनिट तुमच्या मागे भटकतच राहते. मग खेळाडू दर चौथ्या हेक्सवर एक पलटण पेरून ठेवतो आणि त्यालाच डावपेच म्हणू लागतो. भीती कशी लिहायची, हा प्रोग्रामरचा प्रश्न आहे हे मान्य. पण तो सोडवल्याशिवाय 1803 चे वऱ्हाड पडद्यावर उतरणार नाही.

वऱ्हाडच्या नकाशाचेही दोन शब्द. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचे पाणी खारट. सगळ्या सपाट हेक्सांना सारखेच पाणी देणारा नकाशा इथे खोटा ठरतो. काळ्या जमिनीत पावसाळ्यात गाडा रुततो, म्हणून चाकाची आणि पाठीवरच्या गोणीची गती वेगळी धरा. गाविलगडच्या वेढ्यात तर तोफा डोंगरातून वर ओढायला डिसेंबरच्या 7 ते 12 तारखा गेल्या. 15 ला गड पडला आणि 17 ला देवगावचा तह झाला. खेळ तिथे संपवावा. अडगावची लढाई व्हावी की न व्हावी, हे खेळणाऱ्यावर सोडा. भोसल्यांची बाजू घेणाऱ्याला ती टाळण्याची मुभा असलीच पाहिजे.

राहता राहिला बंजाऱ्यांचा तांडा. धान्य वाहणारा बंजारा हा फौजेचा नोकर नव्हता, व्यापारी होता. भाव आणि वाटेची हमी पाहून तो माल आणी. त्याला एका बाजूचे युनिट केले की इतिहास बिघडतो, आणि निव्वळ तटस्थ ठेवले तर खेळणारा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. प्रत्येक टर्नला तांड्याच्या नायकाशी भाव ठरवावा लागेल असा नियम आम्ही कागदावर मांडून पाहिला. त्यात खेळ फार रेंगाळतो. आठवड्याला एकदाच भाव, आणि वाटेत एक जरी धाड पडली तरी पुढच्या आठवड्याला दुप्पट, हे जमेल असे वाटते. यापेक्षा सुटसुटीत नियम कुणाकडे असेल तर पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.