गिटारवरचा राग

बेलापुरातील एखाद्या सुशिक्षित घरी मुलाने गिटार आणली की वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी उमटते. "हे आपले वाद्य नव्हे," असा निकाल लागतो, आणि त्याच बैठकीत पेटीवर नाट्यपद सुरू होते! या विसंगतीविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

पेटी तरी कोणाची? हार्मोनियमचे पेटंट १८४० साली पॅरिसमध्ये घेतले गेले. आपल्याकडे तिच्यावरही परकेपणाचा आळ आलाच. तिच्या ठरीव सुरांत श्रुती आणि मींड बसत नाहीत, म्हणून १९४० साली नभोवाणीने तिला दार बंद केले. ते किलकिले व्हावयास १९७१ साल उजाडावे लागले. भजनी मंडळांनी मात्र तिला टाकले नाही, आणि आज पेटीवाचून कीर्तन आम्हांस सुने वाटते. तात्पर्य, वाद्याचे जन्मस्थान हे केवळ निमित्त होय. खरा राग आहे तो नव्यावर.

आता मुंबईच्या 'रॉक मशीन' या पथकाकडे पाहावे. ते १९८४ साली निघाले. त्या काळी अशा पथकांकडून श्रोते गाजलेल्या विलायती गाण्यांची नक्कलच मागत. या तरुणांनी ती वाट सोडून स्वतःची गाणी रचली, आणि १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा गीतसंग्रह काढला. पुढे १९९३ साली त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. १९९७ साली पथक मोडले. परंतु २०१० साली ते पुन्हा उभे राहिले आणि २०१२ साली नवी गाणी घेऊन आले. तेरा वर्षे वाट पाहणारा श्रोता नकलेने मिळत नसतो.

"पण ती गाणी इंग्रजी!" असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. अलीकडे मुंबईच्याच 'अभंग रिपोस्ट' या पथकाने गिटार व ड्रम यांच्या साथीने संतांचे अभंग गाऊन भाषेचा दुरावा मिटविला. तेथे शब्द मराठी आहेत, पण ते पूर्वजांचे आहेत. आजच्या आयुष्याचे, आजच्या मराठीतले शब्द आपल्याच गावच्या मुलांनी याच तारांवर चढवावयाचे आहेत. ते त्यांना साधेल की नाही, हे ऐकून घेतल्यावाचून कसे कळणार?

याच प्रवरेच्या काठी, नेवाशास, १२९० साली ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ देशी भाषेत सांगितला. त्यांच्याशी कोणा गिटारवाल्याची तुलना करण्याचा अविचार आम्ही करीत नाही. परंतु तेही तेव्हा नवेच होते, आणि त्याला श्रोते लाभले, एवढे स्मरण असावे.

गणेशोत्सवात कर्ण्यांच्या भिंतीला आपण मुकाट्याने वर्गणी देतो. नव्या गाण्यासाठी मात्र ना पाच रुपये निघत, ना अर्धा तास. नवे संगीत गर्दीवर जगत नाही. ते पुनःपुन्हा येणाऱ्या पन्नास कानांवर जगते. ते कान सुशिक्षित घरांनी दिले नाहीत, तर मुले नकलेकडे वळतील, आणि आपली अभिरुची खालावल्याची तक्रार करण्याचा अधिकार मग आपणांस उरणार नाही. तेव्हा माजघरातून "बंद कर ते" असे ओरडण्यापूर्वी, एकदा त्याच्यासमोर जाऊन बसावे. गाणे वाईट असेल तर तसे सांगावे. पण आधी ते पुरते ऐकावे.